वानोळा आणि माझा पहिला निकाल

प्रिय मोठी आई,

मोठ्या बाबांनी तुला सगळं सांगून टाकलंय, असं काल फोनवर कळलं. तुझ्या फोटोला हार घालता घालता त्यांनी म्हणे डाळीची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. वर मला म्हणाले, "हसली ते. मले दिसलं."

हसली असशील. पण मोठी आई, ही सुनावणी एकतर्फी झाली. माझी बाजू तुझ्यासमोर आलीच नाही. ती मांडायला आज रविवारी सकाळी ओसरीत बसून लिहायला घेतलं आहे. दाव्याचा निकाल लागला आहे, तो भर न्यायालयात वाचून झाला आहे, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. तरी पक्षकारांची नावं मी तुलासुद्धा सांगणार नाही. एकाला मास्तर म्हणते आणि दुसऱ्याला आजोबा. गावाचंही नाव नको. वाशिम जिल्हा सोडून शेजारच्या जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, एवढं पुरे. स्वतःच्या जिल्ह्यात आम्हा न्यायाधीशांना नेमणूक मिळत नाही, हे तुला ठाऊक आहे.

"फोटोलेही नाव सांगत नाही काय?" असं म्हणशील. नाही सांगत. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

तुझा कायदा सोपा होता. घरात आम्हा पोरांचं भांडण झालं की तू खुरपं बाजूला ठेवायचीस, आम्हाला समोरासमोर बसवायचीस आणि म्हणायचीस, "वैशू, तू गजूचं सांग. गजू, तू वैशूचं." आपलं गाऱ्हाणं आपण सांगायचंच नाही. समोरच्याचं सांगायचं, तेही त्याच्याच तोंडून निघाल्यासारखं, आणि तो "हो, असंच" म्हणेपर्यंत सुटका नाही.

लिंबाच्या झोक्यावरून झालेलं भांडण आठवतं? गजूदादा तुझा पोटचा पोरगा, मी दिराची, पण सवलत नाही. तो सुरू झाला, "वैशू म्हनते का मी तिले ढकललं." तू लगेच अडवलंस. "म्हनते नाही. तू आता वैशूच आहे. बोल, मले पाडलं, मले लागलं." मग गजूदादानं माझी ओढणी डोक्यावर घेतली आणि नाक ओढत असा रडला की मलाच हसू आलं. आम्हाला वाटलं मिटलं भांडण. तू म्हणालीस, "हसल्यानं फैसला टळत नसते. गजू, आज झोका तिचा."

हा कायदा मी कुठल्याही पुस्तकात वाचला नाही, मोठी आई. पुस्तकं नंतर आली.

खरं तर शाळाही नंतरच आली. पहिलीत असताना शाळेचं फाटक दिसलं की मला उलटी व्हायची. गुरुजींनी चार वेळा घरी परत पाठवलं. आई-बाबा पहाटेच शेतात जायचे, मोठे बाबा भाजी घेऊन रिसोडच्या बाजाराला. उरलीस तू. तू गुरुजींना जाऊन सांगितलंस, "राहू द्या, ते माह्याजवळ शिकते," आणि मला मळ्यात नेलंस. तू सातवी पास. ओल्या वाफ्यात काडीनं अक्षर काढायचीस, मी खाली गिरवायची, आणि ओलिताची पाळी आली की पाणी सोडून पाटी पुसून टाकायचीस. मेथीच्या जुड्यांनी बेरीज, वांग्यांच्या ढिगानं भागाकार. तिसरीत मला एकदम शाळेत बसवलं तेव्हा पाढे सगळे येत होते. फक्त हजेरीला "हजर" म्हणायचं असतं, हे माहीत नव्हतं. पहिले काही दिवस मी गैरहजर होते, वर्गात बसून.

भीती मात्र गेली नाही. दाराची कडी मी पुन्हा पुन्हा जाऊन पाहायची. तू म्हणायचीस, "बस कर व माय, तुले पाहून चोर कटाळून वापस जाईन."

अशी मुलगी वकील झाली, यात तुझा हात किती आणि दैवाचा किती? अकोल्याला कायदा शिकले आणि वाशिमच्या कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली लागले. तू एकदा न सांगता आलीस, आठवतं? नवं लुगडं नेसून, पिशवीत मोठ्या बाबांसाठी घेतलेल्या चपला, आणि मागच्या बाकावर थेट पोलिसाच्या शेजारी. माझं प्रकरण पुकारलं. मी उठले, काळा कोट सारखा केला आणि म्हणाले, "तारीख मिळावी." मिळाली. मी बसले.

बाहेर आल्यावर तू दोघींसाठी उसाचा रस सांगितलास. रसवंतीवर अर्धा ग्लास संपल्यावर म्हणालीस, "इतके वर्ष शिकून एवढंच बोलाले शिकली काय?"

"मोठी आई, कधी कधी एवढंच बोलायचं असतं."

"मंग मीही वकील होतो. तारखा तं मलेही येतात."

न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं ठरवलं तेव्हा मात्र तू हसली नाहीस. सगळ्यांना आनंद झाला होता, एकट्या तुला नाही. मला वाटलं होतं, तुलाच सर्वांत जास्त होईल. तू मिरच्या तोडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "वकीलच राह्य. वकिलाले आपल्या मानसाच्या बाजूनं बोलता येते. जज्ज झाली तं तू कोनाचीच राहनार नाही. लग्नाले बोलावतीन, तू जानार नाही. कोनी घरचं देईन, तू घेनार नाही. कशाले पाहिजे असं एकटं जगनं?"

मी त्यावर फार शिकलेलं काहीतरी उत्तर दिलं होतं. ते आता मला आठवतही नाही. तुझं वाक्य आठवतं.

पूर्वपरीक्षा झाली, मुख्य परीक्षा झाली. पहिल्या वेळी मुलाखतीतच गळाले. घाबरले की मला उत्तर येत असूनही, "याला दुसरी बाजूही आहे," असंच म्हणावंसं वाटतं. मंडळावरचे एक जण शेवटी म्हणाले, "मॅडम, कधीतरी निकाल द्यावा लागेल." दुसऱ्या वेळी निवड झाली. यादीत नाव आलं त्या दिवशी तू सगळ्या गल्लीला सांगत सुटलीस, आणि मग मला बाजूला घेऊन विचारलंस, "दिवानी न्यायाधीश हे समजलं. पन कनिष्ठ स्तर काहून? एवढं शिकून कनिष्ठच?" मी समजावलं की सुरुवात तिथूनच होते, मग वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायाधीश. "म्हनजे भाजीसारखंच आहे," म्हणालीस. "आधी रोप." तेवढं बोलून तू मान्यता दिलीस. पूर्ण नाही, पण दिलीस.

मग म्हणालीस, "तू खुर्चीवर बसशीन तवा येतो मी पाहाले. मांगच बसतो. बोलनार नाही."

आणि आली नाहीस. मी प्रशिक्षणाला होते, पाऊस होता, तुझी छाती दुखायला लागली आणि दुपारच्या आत सगळं आटोपलं. मी पोचले तेव्हा अंगण पाहुण्यांनी भरलं होतं. याबद्दल तुझ्याशी भांडायचं आहे, पण आज नको. आज डाळीचं भांडण आहे.

आता तुझ्याच नियमानं आधी मोठ्या बाबांची बाजू सांगते. त्यांच्याच तोंडून.

"पोरगी परक्या गावात एकटी. सरकारी घराची डागडुजी चालू, म्हनून कॉलनीत किरायानं राहते. शेजारी कोन आहे, तिले मालूम नाही. कोनाकडे जात नाही, कोनाले घरात घेत नाही. मी पहिल्यांदा तिच्याकडे चाललो तं रिकाम्या हातानं जाऊ काय? वांगे, मेथी, काकड्या, एक पोतं भरून नेलं. येवढं तं तिले महिनाभर संपत नाही. मंग घरोघरी वानोळा देल्ला. आपल्या वावरात पिकलं का चार घरी देनं, हे काय चुकीचं आहे? लोकं चांगले निंघाले. कोपऱ्यावरच्या घरच्या बाईनं तं डबा रिकामा वापस देल्ला नाही. घरच्या तुरीची डाळ भरून देल्ली. मी म्हटलं, वा! पोरीच्या घराले आज शेजार भेटला."

मोठे बाबा, हो ना? असंच?

ते "हो" म्हणतील. आता माझी बाजू.

कोपऱ्यावरचं ते घर मास्तरांचं. मास्तर म्हणजे माझ्यासमोर चाललेल्या दाव्यातले वादी. साक्षी आधीच्या साहेबांनी नोंदवल्या होत्या, युक्तिवाद माझ्यासमोर झाले होते आणि निकाल तेवढा द्यायचा राहिला होता. दोन्ही बाजूंनी लढवलेला, माझ्यापुढचा पहिलाच दावा. कागदावर मास्तरांचा पत्ता पाहिल्यापासून मी त्या कोपऱ्यावरून जाणं सोडलं होतं. किराणा आणायला उलट्या बाजूनं, मारुतीच्या देवळाला वळसा घालून जात होते. इतकी काळजी! आणि घरात मोठ्या बाबांना मात्र एक शब्द बोलले नाही, कारण दाव्याबद्दल घरी बोलायचं नसतं. म्हणजे माझ्या काळजीनंच हा घोळ घातला.

संध्याकाळी कोर्टातून आले तर मोठे बाबा खुशीत. ओट्यावर स्टीलचा डबा. "पाह्य, घरची डाळ आहे. कोपऱ्यावरच्या मास्तरीनबाईनं देल्ली."

मी डब्याला हात न लावता विचारलं, "कोणत्या कोपऱ्यावरच्या?"

"निळं फाटक. काहून?"

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

"मोठे बाबा, कुकरमध्ये काय आहे?"

"तेच तं. दोन मुठी लावली. म्हटलं पोरगी थकून येईन."

मी धावत जाऊन गॅस बंद केला, जसं काही आता फरक पडणार होता. मोठ्या बाबांना कोपऱ्यावरच्यांचा दावा माझ्याकडे आहे, एवढंच सांगितलं. ते खाली बसले. कुकरकडे पाहून म्हणाले, "आता ते शिजली पोरी. आता काही ते वापस तूर होत नाही."

मी तिखट-मीठ लावून भात खाल्ला. मोठ्या बाबांनी वरण खाल्लं, दोन वाट्या. म्हणाले, "मी काही जज्ज नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किराण्यातून डाळ आणून डबा होता तसा भरला आणि मोठ्या बाबांच्या हाती परत पाठवला. फक्त एवढंच सांगा, म्हटलं, की न्यायाधीशांच्या घरी काही घेता येत नाही. पण त्यांना ते तोंडावर बोलवेना. त्या बाईंनी विचारलं, "काहून बापा, आमची डाळ खराब निंघाली काय?" तर मोठे बाबा म्हणाले, "नाही बाई, आमच्या पोरीले डाळ पचत नाही."

"मंग तुमचे वांगे कसे वापस करू? त्याचं तं आमी भरीत केलं."

ही बातमी मोठ्या बाबांनी मला हसत सांगितली. मी रडायच्या बेतात. भांडं रिकामं परत पाठवू नये, हे तूच साऱ्या घराला शिकवलंस. घरात न्यायाधीश झाली तर काय करायचं, हे का नाही सांगून गेलीस?

मी जिल्ह्याच्या मुख्य न्यायाधीशांना फोन केला आणि मग सगळं लिहून पाठवलं. डाळ, वांगी, कुकर, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं. माझ्या कल्पनेनं असेल, पण एका जागी ते खोकले तेव्हा हसल्यासारखे वाटले. म्हणाले, "दोन्ही पक्षांना उघड न्यायालयात सांगा. त्यांची हरकत असेल तर दावा दुसरीकडे देऊ. हरकत नसेल, तर मग तुम्ही तुमच्या मनाला विचारा. मोकळं असेल तरच बसा."

मनाला विचारा! माझ्या मनाला, मोठी आई. दाराची कडी पुन्हा पुन्हा पाहणाऱ्या मनाला.

पुढच्या तारखेला मी दोन्ही वकिलांसमोर आणि पक्षकारांसमोर सगळं सांगितलं. "मला डाळ पचत नाही, असं माझ्या घरून वादींच्या घरी सांगण्यात आलं. ते खरं नाही," हेही सांगितलं. लघुलेखिकेनं मान खाली घातली. मास्तरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते लाल होऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या हिला काय ठाऊक, मॅडम, तिनं डबा रिकामा नको म्हणून..." त्यांच्या वकिलांनी त्यांना खाली बसवलं. त्यांची हरकत नव्हती.

मग प्रतिवादी, म्हणजे आजोबा. मास्तरांचे चुलतभाऊ. पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, शिवारातून तसेच आलेले. वकिलांनी त्यांच्या कानात समजावलं. पण ते स्वतःच उठले.

"मॅडम, मले एक बोलाचं आहे."

"बोला."

"हरकत नाही. फक्त आमच्याकडे वांगे आले नाही, येवढं लिहून घ्या."

सगळं कोर्ट हसलं. मीही ओठ दाबून खाली पाहिलं. पण हे हसण्यावारी न्यायचं नव्हतं. हसल्यानं टळत नसतं. मी त्यांना पुन्हा नीट विचारलं, समजून सांगितलं की दुसऱ्या न्यायालयाकडे दावा जाऊ शकतो, तो तुमचा हक्क आहे, मला राग येणार नाही.

ते म्हणाले, "दुसऱ्याकडे गेलो तं त्याले पुन्हा पहिल्यापासून समजवा. तारखा पडतीन. मले वावरात काम आहे. तुमीच करा."

मी तसं नोंदवून घेतलं. आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली.

दावा विहिरीचा होता. दोघा भावांची सामाईक विहीर. पूर्वी वाटणी झाली तेव्हा पाण्याच्या पाळ्या ठरल्या आणि नोंदवलेल्या वाटणीपत्रात तशा लिहिल्या. मास्तर नोकरीसाठी तालुक्याला आले, शेत गड्यामार्फत करू लागले. मधल्या वर्षांत विहीर बुजत आली. आजोबांनी आपल्या पोरांना घेऊन गाळ काढला. मास्तर त्या वेळी आले नाहीत. आजोबांनी त्यांची पाळी बंद केली. "गाळात उतरला नाही, त्याले पानी नाही," हे त्यांचं म्हणणं.

सांग, तुझं मन कुणाकडे गेलं? माझंही तिकडेच गेलं. आजोबा बोलताना हातांनी गाळ उपसून दाखवायचे तेव्हा मला मोठे बाबाच दिसायचे. आणि मास्तरांचे कपडे इस्त्रीचे.

पण कागद मास्तरांच्या बाजूनं होता. पाळी वाटणीपत्रात होती, आणि गाळ काढला नाही तर हक्क जातो असं त्यात कुठेही नव्हतं. आजोबांनी बोलावणं पाठवल्याचाही पुरावा आला नव्हता.

आता बघ माझी अवस्था. मास्तरांच्या बाजूनं निकाल दिला, तर लोक म्हणतील, डाळ शिजली. आजोबांच्या बाजूनं दिला, तर सगळे म्हणतील, वा, काय निःस्पृह बाई आहे! आणि मला ते ऐकायला आवडलं असतं. हीच भीती होती, मोठी आई. डाळ घेतल्याची नाही, डाळ न घेतल्याचं दाखवण्याची. मला न्याय द्यायचा होता की स्वतःला धुऊन घ्यायचं होतं? एकदा निकाल पुढे ढकलला. पुन्हा ढकलला. बाररूममध्ये वकील म्हणू लागले की मॅडमना खरंच पचायला वेळ लागतो.

शेवटी एका रविवारी इथेच बसून मी पहिल्यांदा आजोबा झाले. त्यांचं म्हणणं त्यांच्या वकिलांनी मांडलं होतं त्याहून नीट मांडलं. गाळाचा वास, कमरेएवढं पाणी, वर उभं राहून दोर ओढायला कुणीतरी हवं होतं आणि नव्हतं. तो राग खरा होता. मग मास्तर झाले. दूर गेलेल्या माणसाला आपलं गाव हातातून सुटत चाललंय असं वाटतं, आणि त्याच्याकडे पुरावा म्हणून उरलेला असतो एक कागद. हेही खरं होतं. हे तर मला माझ्यावरूनच कळत होतं.

आणि मग मी डाळीचा डबा उचलून मनातल्या मनात आजोबांच्या घरी नेऊन ठेवला. समज, डाळ त्यांच्याकडून आली असती. निकाल बदलला असता का? कागद तोच, पुरावा तोच. नसता बदलला. तेव्हा कुठे हात मोकळा झाला.

निकाल मी मास्तरांच्या बाजूनं दिला.

वाचून दाखवताना सुरुवातीला आजोबांची बाजू सविस्तर आली. ते दुपट्ट्याचं टोक हातात धरून ऐकत होते, मान हलवत होते. गाळाचा परिच्छेद आला तेव्हा शेजारच्याला कोपरानं ढोसून म्हणाले, "बराबर. असंच झालं होतं." मग आदेश वाचला. मास्तरांची पाळी पूर्ववत, आजोबांनी अडवू नये, आणि गाळ काढण्याच्या खर्चातला मास्तरांचा वाटा आजोबांना वेगळा मागता येईल. मास्तर हात जोडून पटकन बाहेर निघून गेले. हरल्यासारखे. आजोबा जागचे हलले नाहीत.

शिपायानं पुढचं प्रकरण पुकारायला तोंड उघडलं होतं. आजोबा उठले.

"मॅडम, माह्यं तुमी बराबर सांगतलं. वकिलापेक्षा बराबर." त्यांचे वकील छताकडे पाहू लागले. "पन मंग हरलो काहून?"

मी समजावलं. तुमचे कष्ट खरे आहेत, पण लिहिलेला हक्क कष्ट न केल्यामुळे आपोआप जात नाही. गाळात उतरायला लावण्याचा मार्ग वेगळा आणि पाणी बंद करणं वेगळं.

त्यांनी दुपट्टा खांद्यावर सारखा केला. "मले पटलं नाही."

"ठीक आहे."

"मी वर जाईन."

"जा. तो तुमचा हक्क आहे."

"तुमाले राग नाही ना येनार?"

"नाही."

"मंग जातो," म्हणाले, आणि दाराशी पोचल्यावर वळून म्हणाले, "तुमाले डाळ पचते, हे चांगलं झालं. या वयात डाळ पाहिजे."

मोठी आई, तू म्हणाली होतीस, जज्ज झाली तर मी कुणाचीच राहणार नाही. अर्धं बरोबर होतं तुझं. मास्तरीणबाई आता मला पाहून फाटक लावून घेतात. संक्रांतीचं हळदीकुंकू झालं, मला बोलावणं आलं नाही. त्या दिवशी जरा वाईट वाटलं. पण हरलेला माणूस माझ्या तब्येतीची काळजी करून गेला, याला तू काय म्हणशील? हे नातं कोणतं, त्याला आपल्याकडे नाव नाही. पण एकटेपणा तर नाही ना हा?

लोक काय म्हणतात तेही सांगते. काही म्हणतात, डाळ शिजलीच. म्हणू देत. पहिले दोन दिवस मला जेवण गेलं नाही, तिसऱ्या दिवशी गेलं. मोठ्या बाबांना मात्र फार लागलंय. ते म्हणतात, "माह्या वानोळ्यानं पोरीचं नाव खराब झालं." त्यांना तू समजाव. माझं ऐकत नाहीत. गजूदादा त्यांना "कुकरवाले" म्हणतो, त्यालाही जरा दटाव.

आणि आजोबा बोलले तसं वागले. परवाच त्यांचं अपील दाखल झाल्याचं कळलं. आता माझा निकाल वरच्या न्यायालयात कुणीतरी समोर ठेवून तपासेल, ओळ न ओळ. तो टिकेल किंवा पालटेल. बातमी ऐकली तेव्हा मी पुन्हा शाळेच्या फाटकाजवळची पोर झाले. मी नक्कल काढून पुन्हा वाचायला बसणार होते, एखादी चूक राहिली का म्हणून. मग ठेवून दिली. मी चुकू शकते म्हणूनच वर दुसरं न्यायालय ठेवलं आहे, मोठी आई. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, गुणही मिळाले होते. खरं वाटलं ते परवा.

तेव्हा हे वचन घे. अपिलात काय होतंय याची मी रोज चौकशी करणार नाही. निकाल पालटला तर तो संपूर्ण वाचीन, रुसणार नाही, आणि आजोबा जिंकले म्हणून मनातून थोडी खूशही होईन. कायम राहिला तर पेढे वाटणार नाही. दोन्हीपैकी काहीही झालं तरी दुसऱ्या दिवशी अकरा वाजता खुर्चीवर असेन, आणि जो पहिला उभा राहील त्याचं पुरतं ऐकीन.

तुझीच,
वैशू